हळद लावलेलं बियाणं

मला कोणी विचारलं की तुम्ही काय काम करता, तर हल्ली मी 'जंतू पाळते' असं सांगून मोकळी होते. मग विचारणारा पुढचा प्रश्न विचारत नाही आणि माझा वेळ वाचतो. रिसोडच्या बाहेर शेतकऱ्यांनी मिळून काढलेली एक छोटी कंपनी आहे, तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझी खोली आहे. सोयाबीनच्या मुळांवर ज्या गाठी येतात, त्या गाठी करणारे जिवाणू मी तिथे वाढवते. ते काळ्या भुकटीत मिसळून पाकिटांत भरले जातात आणि शेतकरी पेरणीआधी ते बियाण्याला चोळतात. निदान चोळावेत अशी आमची अपेक्षा असते. अर्धी पाकिटं गोठ्याच्या भिंतीवर उन्हात पडून राहतात आणि मग लोक येऊन सांगतात, बाई, तुमच्या पावडरीनं काही फरक पडला नाही.

पन्नाशी उलटली आहे. गुडघे कुरकुरतात. वीज गेली की जिवाणूंच्या बाटल्या हलवणारं यंत्र बंद पडतं आणि मी खुर्चीवर बसून त्या गढूळ पाण्याकडे बघत राहते. सुरुवातीला अशा वेळी जीव वरखाली व्हायचा. आता होत नाही. मेले तर पुन्हा वाढवू, एवढंच वाटतं, आणि 'पुन्हा' या शब्दाचा कंटाळा येतो.

तरीही ज्या एका वावरासाठी मी दोन वर्षं जिवाचं रान केलं, त्याबद्दल लिहायचं आहे. ते वावर आमच्या थोरल्या जाऊचं. समोर मी तिला 'बाई' म्हणते आणि अहो-जाहो करते. लिहिताना मात्र 'ती' असंच येतं, कारण मनात ती तशीच आहे.

आमचं गाव शिरपूर जैनच्या अलीकडे. माझा नवरा तीन भावांतला धाकटा, शाळेत मास्तर, आम्ही राहतो रिसोडला. मधले भाऊ, म्हणजे माझे भासरे, गावातच असतात, शेती करतात, आणि घरातला शेवटचा शब्द त्यांचा असतो. थोरले गेले. त्यांना एकच मुलगी, ती लग्न होऊन अकोल्याकडे गेलेली. थोरल्यांच्या वाट्याचं तीन एकर वावर जाऊच्या नावावर चढलं, पण आमच्याकडे नाव सातबाऱ्यावर असतं आणि वावर असतं पुरुषाच्या हाती. पहिल्या वर्षी ते पडीक राहिलं. दुसऱ्या वर्षी तिनं कोणाला न विचारता सोयाबीन पेरलं. श्रावण सरेपर्यंत सगळं वावर पिवळं पडलं आणि झाडं गुडघ्याच्याही वर गेली नाहीत.

सोंगणी, म्हणजे पिकाची कापणी, झाल्यावर ओसरीत बैठक झाली. भासरे शांतपणे बोलले, ते नेहमी शांतच बोलतात. यंदा झालं ते झालं, पुढच्या साली एकदा करून पाहा, पण तेव्हाही असंच झालं तर वावर पोराच्या हाती द्यायचं. पोरगा म्हणजे त्यांचा मुलगा, ट्रॅक्टरवाला, कामाचा माणूस आहे. वहिनीला वर्षाचं धान्य घरपोच मिळेल, कपडालत्ता मिळेल, काही कमी पडणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही त्यात चुकीचं असं काही सापडेना आणि त्याचाच जास्त राग आला.

नंतर मागच्या अंगणात भांडी घासताना जाऊ माझ्याकडे न बघता म्हणाली, "वावर गेलं त मंग सकाळी उठून मी जाऊ कोठी?"

तर प्रश्न एवढाच होता. धान्याचा नव्हता आणि कपड्याचा तर नव्हताच.

खरं सांगायचं तर त्या पिवळ्या वर्षी बियाण्याला माझ्याच खोलीतली पाकिटं लावली होती. म्हणून सोंगणीच्या आधी एकदा मी बसनं गावी गेले, वावरात उतरले आणि झाडं उपटून पाहिली. मुळं साफ होती. सोयाबीनच्या मुळावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी हव्यात, त्या फोडल्या की आत मांसासारखा गुलाबी रंग हवा. तो असला तर समजायचं की जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देत आहेत. इथे एखाददुसरी गाठ, तीही आतून पांढरी. खालच्या पट्टीत मात्र वेगळा प्रकार होता. धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून थोरले वर्षानुवर्षं हळदीचं पीक घ्यायचे, त्या जागेवरची झाडं काळपट हिरवी होती. एक उपटलं. गाठी होत्या आणि फोडल्यावर गुलाबी निघाल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. आम्ही बाहेरून मागवलेले जिवाणू वाढवून वाटत होतो आणि कामाचे जिवाणू इथे हळदीच्या जागेत बसून होते. वरच्या पट्टीत ते का नव्हते, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यांना विचारावं.

ती झाडं मुळाच्या मातीसकट पिशवीत घातली आणि परत आले. गाठी धुऊन, चिरडून, काचेच्या बशीतल्या जिवाणूंच्या खाद्याच्या लालसर थरावर रेघा ओढल्या आणि वाट पाहत बसले. हे जिवाणू फार सावकाश वाढतात. इतर कोणतेही जंतू दुसऱ्या दिवशी बशीभर पसरतात. यांना आठवडा लागतो, आणि तेव्हा कुठे मोहरीपेक्षा बारीक पांढरे ठिपके दिसतात. मध्येच बुरशी आली की सगळं पहिल्यापासून. त्या हिवाळ्यात मी किती बश्या फेकल्या ते विचारू नका.

या जिवाणूंची एक गोष्ट मला अनेक वर्षं माहीत होती, पण ती माहिती पुस्तकातली होती. सोयाबीनचं मूळ मातीत एक पदार्थ सोडतं. तो म्हणजे जिवाणूंना आवतण. त्या वासानं ते मुळाकडे येतात. पण झाडाला रोग लागला, बुरशी मुळात शिरू लागली, की तेच झाड त्याच जातीचा दुसरा पदार्थ तयार करतं, आणि तो विष असतो. बोलावणं आणि विष, दोन्ही एकाच घरचे. मुळात राहायला येणाऱ्या जिवाणूला हे विष सोसावं लागतं, नाहीतर तो दारातच मरतो. एकदम जास्त विष मिळालं तर मरतोच. पण आधी आवतणाच्या पदार्थाची थोडी चव मिळाली असेल, तर तो तयार होतो. त्याच्या अंगाच्या कातडीत बारीक बारीक पंप असतात. विष आत शिरलं की पंप ते उचलून बाहेर फेकतात. पुन्हा शिरलं की पुन्हा फेकतात. विष नाहीसं होत नाही, जिवाणू काही पोलादाचा होत नाही. तो फक्त फेकत राहतो, आणि त्यात त्याची ताकद खर्च होते, म्हणून वाढ मंदावते.

हे मी धनज गावी बायकांच्या एका प्रशिक्षणात सांगितलं आणि पस्तावले. मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली की म्हणजे हे तर सासरच झालं, आणि सगळ्या हसल्या. मग प्रत्येकीनं आपापल्या सासूचं विष सांगितलं आणि बीजप्रक्रिया राहून गेली. मी चिडले. मला जंतूंच्या गोष्टीतून बोध काढलेला आवडत नाही. जंतूला सासर नसतं, अपमान नसतो, मनात ठेवणं नसतं. माणसानं आपलं दुःख आपल्या नावानं सांगावं, जंतूंच्या खांद्यावर कशाला द्यावं?

जाऊनं असला बोध काढला नाही, हे तिच्याबद्दल मला फार आवडलं. बाजाराला आली तेव्हा ती माझ्या खोलीत डोकावली. चप्पल बाहेर काढून, पदर सावरून, देवळात यावं तशी. मी तिला बशी दाखवली. हे तुमच्या वावरातले, असं म्हटलं. तिनं डोळे बारीक करून पाहिलं. मी विषाचं आणि फेकण्याचं सांगितलं. तिनं विचारलं, "रोज फेकतात काय? मंग त्याईले सुटी नाई का कधी?"

नाही, मी म्हटलं. तिनं बशीकडे पाहून मान हलवली, एखाद्या बाईच्या घरी फार काम आहे हे ऐकून हलवावी तशी, आणि मेथीची जुडी माझ्या टेबलावर ठेवून बस पकडायला गेली.

उन्हाळ्यात मी तिच्या वावरातले ते जिवाणू वाढवले. कंपनीच्या कामातून वेळ काढून, रविवारी जाऊन. नवरा म्हणायचा की एवढं कशासाठी, तिला आपण उपाशी ठेवणार आहोत का? मी उत्तर देणं सोडून दिलं होतं. पेरणीच्या आदल्या दिवशी मी पाकिटं गावी पाठवली आणि फोनवर सगळं समजावलं. कंपनीचं रंगवलेलं बियाणं घेऊ नका, त्याला बुरशीचं औषध लावलेलं असतं, त्यात जिवाणू मरतात. घरचं बियाणं घ्या. सावलीत ताडपत्रीवर पसरा. गूळपाणी थंड झाल्यावर त्यात भुकटी कालवा, हलक्या हातानं चोळा, फार ओलं करू नका, सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, सुटून येतं. तिनं सगळं ऐकलं. त्यात हळदीबद्दल काही नव्हतं, कारण हळदीबद्दल काही सांगावं लागेल असं माझ्या मनातच आलं नाही.

आमच्याकडे पेरणीची एक रीत आहे. तिफणीची, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजाराची, पूजा होते, बियाण्याच्या पाच दाण्यांना हळदकुंकू लावतात, आणि पहिली मूठ सरत्यात, बी जमिनीत उतरवणाऱ्या नळीत, सवाष्ण सोडते. ज्या बाईचा नवरा गेला तिनं ते करायचं नसतं. म्हणजे पेरायला चालतं, तण निंदायला चालतं, सोंगायला चालतं, फक्त पहिली मूठ आणि हळदकुंकू नाही. मागच्या वर्षी ते मधल्या जाऊनं केलं होतं. यंदा ती माहेरी गेली होती, म्हणून मला बोलावलं होतं. मी सकाळी निघणार तर खोलीत निर्जंतुकीकरणाचं भांडं गळायला लागलं. ते निस्तरून बसस्टँडवर गेले तर बस निघून गेलेली. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गावी पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं.

धुऱ्यावरच्या लिंबाखाली ताडपत्री पसरलेली होती आणि तीवरचं बियाणं पिवळंधमक होतं. सगळं. काळ्या भुकटीवरून हळद चोळलेली. तिफण जुंपलेली होती, पेरायला आणलेला गडी बैलांजवळ उभा होता, आणि जाऊ ओटी बांधून, हात कोपरापर्यंत पिवळे करून बियाणं भरून घेत होती.

हळदीतला जो पिवळा पदार्थ आहे, तो जिवाणूंच्या कातडीला भोकं पाडतो. जखमेवर हळद दाबतात ती काही उगाच नाही. सहा महिन्यांच्या बश्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. आवाज चढवून मी विचारलं की एवढी कशाला लावलीत, पाच दाण्यांची रीत आहे ना?

तिनं मान वर केली नाही. "तीन साल झाले. भाजीत टाकाले चालते, बियाले लावाले चालत नाई. आज कोनी नोयतं, मीनंच लावली. पाच दाण्याले लावली, मन नाई भरलं. मंग साऱ्याईले लावली."

मी तिथेच धुऱ्यावर बसले. बियाणं धुता येत नव्हतं. धुतलं असतं तर हळदीबरोबर उरलेसुरले जिवाणूही गेले असते आणि टरफल सुटलं असतं. दुसरं बियाणं घरात नव्हतं. जमिनीत पेरणीपुरती ओल, वाफसा, होता, तो दुसऱ्या दिवशी राहिला असता की नाही कोण जाणे. मी गप्प राहिले. हेही सांगितलं पाहिजे की ती इतकी खुशीत होती, की माझ्याच्यानं तिला जिवाणूंबद्दल सांगवलं नाही. गड्यानं बैल हाकले. पहिली मूठ तिनंच सरत्यात सोडली आणि ती तिफणीमागून चालू लागली. मी, पहिल्या मुठीसाठी बोलावलेली सवाष्ण, धुऱ्यावर बसून पाहत होते.

येताना मूठभर बियाणं रुमालात बांधून आणलं. थोडं धुऊन ते पाणी बशीवर पसरलं. शिवाय दोन बश्या वेगळ्या केल्या. एकीत आमच्या नेहमीच्या पाकिटांतले जिवाणू, दुसरीत तिच्या वावरातले, आणि प्रत्येकीच्या मधोमध हळदीच्या अर्कात बुडवलेला कागदाचा तुकडा. आठवडा वाट पाहिली. पहिल्या बशीत तुकड्याभोवती बांगडीएवढं रिकामं कडं झालं, तिथे एकही ठिपका नाही. दुसऱ्या बशीतही कडं होतं, पण अरुंद, करंगळीतल्या अंगठीएवढं. त्याच्या काठापर्यंत ठिपके येऊन थांबले होते. बियाण्याच्या पाण्याच्या बशीत ठिपके अगदी विरळ होते. मेले ते पुष्कळ, उरले ते थोडे.

वर्षानुवर्षं हळदीच्या जागेत राहून ते हळदीला सरावले असतील का? असतील. मुळातल्या विषासाठी असलेला पंपच हळदीच्याही कामाला येत असेल का? येत असेल. मी बशीकडे बघून एवढंच म्हणू शकत होते की काही उरले आहेत. ते पुरतील की नाही, हे वावरच सांगणार होतं. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही आणि नवऱ्यानं विचारलं की तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, हो, बरी नाही.

झाडांना चौथं-पाचवं पान आल्यावर गावी गेले. जाऊ सोबत होती. वरच्या पट्टीत, जिथे मागच्या वर्षी सगळं पिवळं होतं, तिथे मी खुरप्यानं एक झाड मुळासकट उचललं. मुख्य मुळाला, वरच्या बाजूला, गाठी होत्या. फार नव्हत्या, पण मोठ्या होत्या. नखानं एक फोडली. गुलाबी. दुसरं झाड, तेही तसंच. तिसऱ्याला एकच गाठ होती. चौथं पुन्हा चांगलं. जाऊ माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. चांगलं आहे, असं मी म्हटलं, आणि मला रडू आलं. ती घाबरली. तिला वाटलं काहीतरी वाईट झालं आणि मी लपवते आहे. मग तिला बसवून सगळं सांगितलं, हळदीचंही. तिनं पिवळ्या हातांची आठवण झाल्यासारखं तळव्यांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मला विचारलं की मी तेव्हाच काहून नाही सांगितलं. मी म्हटलं की तुम्ही खुश होतात. यावर ती मला चांगलीच बोलली. पीक माझं, जीव माझा टांगलेला आणि तू माझ्या खुशीसाठी गप्प बसतेस, असा त्याचा मतलब होता. बरोबरच होतं तिचं.

गणपती येईपर्यंत वावर गर्द हिरवं, काळंभोर झालं. आणि मग गावात झालं ते असं, की मास्तराच्या थोरल्या वहिनीनं बियाण्याला हळद लावली म्हणून पीक आलं. पानटपरीवर तेच, बसमध्ये तेच. एका गृहस्थानं मला कंपनीत फोन करून एकराला हळद किती किलो, असं विचारलं. मी त्यांना हळद जिवाणू मारते हे समजावलं. ते म्हणाले, बाई, तुमच्याच घरच्या वावरात आम्ही डोळ्यानं पाहिलं. त्यांचंही खोटं नव्हतं. जिवाणूंनी काम केलं हे तरी मी कुठे छातीठोकपणे सांगू शकत होते? त्यासाठी शेजारी काहीच न लावलेली पट्टी ठेवावी लागते. जाऊच्या तीन एकरांत प्रयोगापायी एक ओळही सोडायची माझी हिंमत झाली नव्हती. पाऊस बरा होता, घरचं बियाणं होतं, जमीन वर्षभर वखरलेली होती. कोणाचं किती, देव जाणे. पण दोन वर्षांच्या कष्टाचं श्रेय हळदीला गेलं आणि पुढच्या साली अर्धं गाव पोतंभर हळद बियाण्याला चोळणार, या विचारानं मी हसले, आणि मग हसायचाही कंटाळा आला.

शेंगा भरल्या तेव्हा भासऱ्यांनी निरोप पाठवला. आम्ही दोघं गेलो. मला वाटलं, आता विषय मिटला. बोलल्याप्रमाणे वावर पिकलं होतं, म्हणजे ते तिच्याच हाती राहणार. ओसरीत चहा झाला. भासरे वावराचं कौतुक करू लागले. गावात असं पीक दुसरं नाही, वहिनीनं नाव काढलं, दादा असते तर खुश झाले असते. मी पदर डोक्यावर घेऊन दाराशी बसले होते. आजही भासऱ्यांसमोर मी अशीच बसते. मग ते म्हणाले की आता वावर मार्गी लागलं आहे, तर पुढच्या सालापासून पोरानं करायला हरकत नाही. वाईट होतं तेव्हा कोणाच्या हाती देणं बरं नव्हतं, आता पीक रांगेला आलं आहे, पोरगा सांभाळून नेईल.

आयत्या बिळावर नागोबा. मनात आलं ते हेच. पिवळं पडलं असतं तर पिवळं पडलं म्हणून घेतलं असतं, आता हिरवं झालं तर हिरवं झालं म्हणून. मी नवऱ्याकडे पाहिलं. भावासमोर बोलायचा हक्क त्याला होता, मला नव्हता, आणि मी दोन वर्षं त्याला सगळं सांगत आले होते. त्यानं कप खाली ठेवला. तो खरंच मनापासून, हळव्या आवाजात बोलला. "वहिनी थकल्या आता. लय केलं त्याईनं एकटीनं. आता त्याईले आराम द्याले पाहिजे."

भासऱ्यांचं बोलणं जाऊ खाली मान घालून ऐकत होती, नेहमीसारखी. धाकट्या दिराचं हे वाक्य आलं आणि तिनं मान वर केली. त्याला तिनं लहानपणी अंघोळ घातली होती, शाळेला डबा दिला होता. थोरल्यांच्या आजारपणात तोच रात्रंदिवस दवाखान्यात होता. तिच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही. फार लागल्यावर माणूस आधी गोंधळतो, तशी ती क्षणभर गोंधळली. मग कुठूनतरी सावरली.

"थकली त हाये मी," ती म्हणाली. "आज झोपीन. सकाळी वावरात जाईन."

भासऱ्यांनी विचारलं की अन् पुढच्या साली?

"पुढच्या सालीबी," ती म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.

मला एकदम कळलं की ती कधी परवानगी मागतच नव्हती. आम्हीच ओसरीत बसून तिची परीक्षा लावली होती आणि मी, तिच्या बाजूची, दोन वर्षं जागून तिला त्या परीक्षेत पास करायला निघाले होते. परीक्षा कशाची, असं एकदाही मी विचारलं नव्हतं. भासरे उठून बैलांकडे गेले. वावर घेणार नाही असं ते म्हणाले नाहीत. पुढच्या वर्षी ते पुन्हा विचारतील, आणि तिला पुन्हा सांगावं लागेल.

परत येताना मोटरसायकलवर मागे बसून मी नवऱ्याला म्हटलं की तू असं का बोललास? तो म्हणाला, मला तिची दया आली म्हणून. खरंच आली होती, मला माहीत होतं. त्यामुळे त्याच्याशी भांडायलाही काही धरायला मिळेना, आणि रिसोड येईपर्यंत मी त्याच्या पाठीला डोकं न टेकता तशीच बसून राहिले.